सालोमे आत्यानं परत केलेला प्याला

सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं आणि माझ्या आतेभावाचा, दानिएलचा फोन आला. "ताई, आई प्रभूघरी गेली." मी गॅस बंद केला नि तशीच उभी राहिले... औशाजवळच्या आमच्या खेड्यातली अख्खी ख्रिस्ती वस्ती जिच्या धाकात राहिली, ती सालोमे आत्या गेली. महिना झाला त्याला. लिहायला बसले की एकच दुष्काळ आठवतो.

लातूर जिल्हा नुकताच नवा झाला होता. कलेक्टर आता लातुरातच बसणार, मागितला की टँकर येणार, असं जो तो सांगायचा. कसला टँकर नि कसलं काय! गावच्या विहिरी आटल्या. चर्चच्या आवारातल्या आमच्या विहिरीला तेवढं पाणी, तेही तळाला. एके दुपारी गावातल्या बाया फाटकाशी आल्या. घागरी त्यांच्या, दोर नि पोहरेही त्यांचेच. आमच्या दोराला हात लावायचा नाही, आमच्या हातचं घ्यायचं नाही, पण पाणी पाहिजे! चर्चच्या मंडळीचे पंच याकोबकाका म्हणाले, "आमचा दोर चालत आसंल तर या, न्हाईतर वाट धरा." बाया रिकाम्या घागरी घेऊन माघारी गेल्या. आपल्या आज्यांना ज्यांनी पाणवठ्यावर उभं केलं नाही, त्यांचा देवानंच न्याय केला, असं काका ज्याला त्याला ऐकवत सुटले. वस्ती खूश होती.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घ्यायचा विधी. त्याचा रस आत्याच करायची, मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून. पाळकांनी चिमुकल्या प्याल्यांचं तबक तिच्यापुढे धरलं. तिनं प्याला उचलला, थोडा वेळ धरला आणि परत ठेवला. आमच्यात प्याला परत करणं ही साधी गोष्ट नाही. कुणाशी वैर असेल, मन साफ नसेल, तोच परत करतो. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. उपासना संपताच काकांनी तिला दारातच गाठलं.

"सालोमे, चारचौघांत पंचांची अब्रू काढायलीस का?"

"न्हाई काका. फाटक उघडा. येऊ द्या त्यांना, त्यांचा दोर घेऊन."

मला राहवलं नाही. "आत्या, त्यांना आपला विटाळ होतो! हे कसं सोसायचं?"

"न्यायाच्या दिवशी मला इचारतील, तहानलेल्याला पाणी दिलंस का. दोर कुणाचा व्हता, ते त्यांना इचारतील."

"आन आपलं पाणी सरलं तर?" काका भडकले. "वस्तीतबी लेकरं हायत."

त्यांचंही खोटं नव्हतं. आत्यानं ते मान्य केलं. मग म्हणाली, "माझ्या घरच्या घागरीपासून कमी करा."

संध्याकाळी फाटक उघडलं. पाऊस लागेपर्यंत बाया येत राहिल्या, आपापल्या दोरानं शेंदत राहिल्या. एकीनंही आमच्या दोराला हात लावला नाही, हेही सांगायलाच हवं. पाणी पुरलं, कसंबसं. आत्यानं पंचांना कसा धडा शिकवला, हे मग वस्तीत वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. मीही तेच सांगत आले.

गेल्या नाताळात भेटले, ती शेवटची. खाटेवर पडून होती, न्यायाच्या दिवसाची भीती वाटते म्हणत होती. मी म्हटलं, "आत्या, तुला कसली गं भीती न्यायाची? काकांना तू असं गप्प केलंस!"

ती चिडलीच. "काकाचं काय घेऊन बसलीस? त्या बाया रिकाम्या घागरी घेऊन गेल्या ना, तवा माझंच काळीज गार झालं व्हतं. लई गार. बरी जिरली, वाटलं. प्याला हातात आला नि त्यांचे वाळलेले ओठ दिसले... तसल्या काळजानं प्यावं कसं?"

मी तिची गोधडी सारखी करत बसले. आम्ही समजत होतो, तिनं प्याला काकांपायी परत केला.

तिच्या मातीला सगळी वस्ती होती, लातूरची मंडळी होती. तिचं पाणी प्यालेल्या घरांतलं एक माणूस फिरकलं नाही. परवाच्या रविवारी चर्चमध्ये तबक माझ्यापुढे आलं आणि नेमकी तीच घरं आठवली. पुन्हा आटू द्या यांच्या विहिरी, मग बघते, असं मनात येऊन गेलं. हातात घेतलेला प्याला मी परत ठेवला.

शेजारच्या रूथबाई कानाशी लागल्या, "बरं न्हाई का ओ?"

"हाव," म्हटलं, "अजून बरं न्हाई."