साडभाऊंच्या गाडीची टकटक

आमच्या साडभाऊंइतका कानांनी जगणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या बायकोने त्याला कधीच घराबाहेर काढलं असेल. साडभाऊ म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले, सिंदी मेघेत घर बांधून राहतात, आणि डोळे फक्त चष्मा लावण्यासाठी असतात अशा थाटात वावरतात. टरबूज वाजवून घेतात ते ठीक, सगळेच घेतात; हे भरताचं वांगंही कानाशी धरतात. सकाळी व्हरांड्यात बसून रस्त्यावरून जाणाऱ्या ऑटोंचे आजार सांगायचे, हा त्यांचा ठरलेला उद्योग. एकदा आम्ही एका नातलगाकडे भेटायला गेलो होतो. घरातलं म्हातारं माणूस गेलेलं, सगळे मान खाली घालून बसलेले. साडभाऊ डोळे मिटून इतके गंभीर झाले की त्यांच्याकडे पाहून त्या घरच्या सुनेला हुंदका आवरेना. मग डोळे उघडून त्यांनी हळूच विचारलं, "फ्रिज भिंतीले टेकला आहे काय तुमचा?" माझी मान जी खाली गेली ती घरी येईपर्यंत वर आली नाही.

त्यांच्याजवळ एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, असतो. त्याचं टोक चालत्या यंत्राला लावायचं आणि मूठ कानाला, म्हणजे आत काय चाललंय ते म्हणे स्वच्छ ऐकू येतं. मिक्सर, पाण्याची मोटर, शेजारणीची शिलाई मशीन, कशालाच त्यांनी सोडलेलं नाही. मला एकदा छातीत धडधडल्यासारखं झालं, तर हे पेचकस घेऊन पुढे सरकले. मी साफ नाही म्हटलं. डॉक्टर तरी दुसरं काय करतो, असं म्हणून ते दोन दिवस रुसले होते.

पण त्या पेचकसाचा खरा जीव त्यांच्या मोटरसायकलीत. नोकरी लागल्यावर घेतलेली ती जुनी, वजनदार गाडी त्यांनी अशी जपली आहे की आमच्या ताईने म्हणजे त्यांच्या बायकोने सवत म्हणून तिचं नाव काढणंही कधीच सोडून दिलं. दर रविवारी सकाळी दोघं त्या गाडीवर पवनारला जातात, धाम नदीच्या काठी खडकावर बसतात, थर्मासमधला चहा पितात आणि परत येतात. एवढंच. मात्र ताईचं आठवड्याचं सगळं बोलणं त्या जाण्यायेण्यात होतं. घरात पाहुणे, शेजारी, टीव्ही. तिथे ती मोजकं बोलते. गाडीवर बसली की साडभाऊंच्या उजव्या खांद्यावरून जे सुरू होतं ते नदी येईपर्यंत. साडभाऊ नुसते हुं हुं करतात. त्या दोघांचा संसार मला विचाराल तर गाडीवरच झाला.

साडभाऊंचं एक जुनं स्वप्न होतं. गाडीच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारी-मिटणारी जी कॅमशाफ्ट असते, तिच्या जागी शर्यतीच्या गाडीतली तेज कॅमशाफ्ट बसवायची. मोबाइलवर लोक नातवंडांचे फोटो ठेवतात, यांनी त्या लोखंडी तुकड्याचा ठेवला होता. निवृत्तीच्या दिवशी ताईने फुलांच्या हारासोबत तोच तुकडा त्यांच्या हातात दिला. गुपचूप गाडीच्या मिस्त्रीला गाठून मागवला होता. साडभाऊ सत्काराला उभे होते ते तसेच खुर्चीत बसले आणि कॅमशाफ्ट मांडीवर घेऊन भाषणं ऐकत राहिले. भाषणांतला एक शब्दही त्यांच्या कानात गेला नसावा, आणि कानांच्या बाबतीत ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदाच घडली असेल.

कॅमशाफ्ट बसली, गाडी वाऱ्यासारखी पळायला लागली, आणि वरच्या बाजूने टकटक सुरू झाली. तेज कॅम व्हॉल्व्हला जास्त उचलते आणि झटक्यात सोडते, आवाज राहणारच, असं मिस्त्रीने बजावलं होतं. सुरुवातीला साडभाऊंचंही काही म्हणणं नव्हतं, कारण ताईचा आवाज. विहारात पौर्णिमेच्या वंदनेला ताई पुढे बसून म्हणायची तेव्हा रस्त्यावरची माणसं चप्पल काढून उभी राहायची. त्या आवाजापुढे टकटकीची काय बिशाद! पण मग ताईच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आणि जाताना आवाज घेऊन गेली. उरली ती नुसती कुजबुज. ताई विहारात मागच्या रांगेत बसायला लागली, हात जोडून, ओठ मिटून. आणि रविवारी खांद्यावरून काही ऐकू येईनासं झालं.

आता आली का पंचाईत! कॅमशाफ्ट काढावी तर ताईने इतक्या हौसेने दिलेली, तिचं मन मोडतं. ठेवावी तर ताईचा शब्द कानी पडत नाही. साडभाऊंनी हे कोणाला सांगितलं नाही, ताईला तर नाहीच. नुसते टकटकीच्या मागे लागले. जाड ऑइल घालून पाहिलं. मग कोणाकडून ऐकलं की इंजिनाच्या पट्ट्यांमध्ये रबर खोचलं की आवाज दबतो, म्हणून घरातल्या जुन्या हवाई चपला कापून त्याचे तुकडे बसवले. त्यात एक माझी होती आणि ती जुनी नव्हती. भर उन्हात गाडी वर्ध्याच्या बाजारातून गेली तेव्हा असा वास सुटला की लोक आपापल्या दुकानांत कुठे काही जळतंय का ते बघायला धावले. ताईला वाटायला लागलं की आपली भेट यांना पसंत पडली नाही. आमच्या हिला तिने तसं बोलूनही दाखवलं.

शेवटी साडभाऊंनी ते केलं जे करू नये हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. व्हॉल्व्ह उचलणाऱ्या सळईला थोडी मोकळीक ठेवावी लागते. थंड इंजिनात ती दोन बोटांत अलगद फिरली पाहिजे. यांनी ती मोकळीकच आवळून टाकली. टकटक बंद. अंगणात गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली आणि साडभाऊंनी मला फोन करून इंजिन ऐकवलं.

त्या रविवारी आम्ही दोघंही स्कूटरवर त्यांच्या मागे निघालो. थंडीचे दिवस, शेतांवर धुई उतरलेली, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि ते धुकं यांत कुठे काय संपतं ते कळत नव्हतं. रस्ता आपल्याला नेतोय, आपण फक्त बसून आहोत असं वाटत होतं. वळणापलीकडे गेलेली गाडी मला दिसेना, ऐकूही येईना. वळलो तर ती रस्त्याच्या कडेला बंद उभी. इंजिन तापल्यावर आवळलेला व्हॉल्व्ह पुरता मिटेना, आणि इंजिनाने मान टाकली. हे मला नंतर कळलं. तेव्हा नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. साडभाऊंनी पेचकस काढलाच नव्हता. टाकीवर हात ठेवून ते नुसते उभे होते, आणि ताई तोंडाला पदर लावून कापसाकडे बघत होती.

इंजिन निवल्यावर सळई ढिली करून आम्ही कसेबसे नदीवर पोचलो. बहिणी पाण्याकडे गेल्या तेव्हा साडभाऊ हळूच मला म्हणाले, "मास्तर, गाडी बंद पडली तवा ते गाऊन राह्यली होती." मला कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. ताई घरी गात नाही, विहारात गात नाही. फुटका आवाज कोणाच्या कानावर पडू नये म्हणून जपते. एका टकटकीच्या आडोशाला तेवढी गायची, नवऱ्यालाही ऐकू जाणार नाही या भरवशावर. आज टकटक नव्हती, तरी इंजिनाच्या घरघरीवर आणि वाऱ्यावर तिने भरवसा ठेवला होता; ते अचानक थांबलं आणि अर्धी ओळ उघड्यावर आली. ताईने तोंडाला पदर लावला. "अन् मी येडा," साडभाऊ म्हणाले, "तोच आडोसा काढून राह्यलो होतो." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, सांगायला लाज कसली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला सिंदी मेघेला बोलावून घेतलं आणि म्हणाले, मांगं बस, अन् हळू आवाजात काही तरी गा. मी म्हटलं, मला गाणं येत नाही. तर म्हणे, मास्तर आहेस, पाढे म्हण. मग एक निवृत्तीला आलेला शिक्षक गल्लीबोळांतून मोटरसायकलवर मागे बसून एकोणतिसाचा पाढा पुटपुटत हिंडला. लोक बघत होते. साडभाऊ थांबायचे, सळई किंचित ढिली करायचे, पुन्हा निघायचे. एकदा टकटक इतकी झाली की माझं मलाच ऐकू येईना. एकदा ती इतकी कमी झाली की माझी चूक त्यांनी जागच्या जागी दुरुस्त केली. ऊन कलेपर्यंत हा खेळ चालला. शेवटी एका फेरीला मी बिनधास्त काहीही बडबडलो, हे काही ऐकत नाहीत अशी माझी खात्रीच होती. घरापाशी गाडी उभी करून त्यांनी पेचकस खिशात घातला. म्हणाले, "जमलं. तिले वाटलं पाहिजे का मले ऐकू येत नाई. अन् मले आलं पाहिजे. एवढाच आवाज ठेवला. तिले नको सांगजो."

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा मागे होतो. साडभाऊ नेहमीपेक्षा हळू चालवत होते. त्यांची मान उजव्या खांद्याकडे जरा कललेली, सायकलवाले पुढे निघून जात होते आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. ताईचा चेहरा मला दिसत नव्हता, पदर तेवढा उडत होता. नदीवर चहा ओतताना तिने त्या कुजबुजीतच विचारलं, "तुमचा तो आवाज काई गेला नाई ना शेवटी?"

"नाई गेला," साडभाऊ पाण्याकडे बघत म्हणाले. "तेज कॅम आहे. थोडा राहतेच."

"राहू द्या मंग," ताई म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी त्यांच्या हातात कप दिला.