वाहिदभाईंनी गाडी पाहिली

आमच्या आर्णीत मुलगी बघायला जाताना मामाला नेलं नाही तरी चालतं, पण जुनी गाडी बघायला जाताना वाहिदभाईंना न्यावंच लागतं. वाहिदभाई आमचे शेजारी. भिंतीला भिंत लागून घर, आणि बसस्टँडच्या मागे गॅरेज. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून ते डोळे मिटतात, आणि गाडीने आजवर केलेली सगळी पापं त्यांना ऐकू येतात. बॉनेटखालचे नट बोटाने चाचपून सांगतात, ही गाडी कधीतरी लिंबाच्या झाडाला भेटून आलेली आहे.

विकणाऱ्यासमोर मात्र गाडीला नावं ठेवायची नाहीत, हा त्यांचा नेम. पाहून झाल्यावर "चहा सांगा" म्हणाले की गाडी घ्यायची. "पाणी द्या" म्हणाले की चपला घालायच्या. ही खूण वीस वर्षं गुप्त होती. मग ती मला कळली.

असा हा माणूस स्वतः फिरतो कशावर, तर एका मोटरसायकलवर, जिची किक फक्त त्यांचाच पाय ओळखते. चारचाकीचं कधी मनात आलं नाही. आलं ते गेल्या वर्षीच्या एका लग्नामुळे. लग्न महागावला होतं. माणसं पाच: वाहिदभाई, त्यांची बायको नसरीन, कॉलेजातला जुनेद, बारावीतली उमेरा आणि वाहिदभाईंच्या आई, जोहराचाची. कुणाची तरी लहान गाडी मागून आणली आणि दोन फेऱ्या ठरल्या. चाचींचे गुडघे दुखतात, त्यांना घाई नको म्हणून दुसऱ्या फेरीत ठेवलं. दुसरी फेरी पंक्चर झाली. चाची मांडवात पोचल्या तेव्हा आचारी पातेली घासत होता. घरी येऊन एवढंच म्हणाल्या, की यापुढे मी कुठं येत नाही, तुम्ही जात जा.

आणि खरंच गेल्या नाहीत. फुलसावंगीला त्यांची मोठी बहीण आहे; पाच भावंडांत आता या दोघीच उरलेल्या. चाची तिला आपा म्हणतात, वाहिदभाई खाला. वर्षभर तिच्याकडेही गेल्या नाहीत. व्हिडिओ कॉल व्हायचा, पण फोन दिसला की दोघी तो कानाला लावणार. वर्षभर त्या दोघी बहिणींनी एकमेकींचे फक्त कान पाहिले.

वाहिदभाईंनी मनाशी ठरवलं. अम्मीला फुलसावंगीला न्यायचं, सगळं घर एकाच गाडीत, आणि येताना खालाला चार दिवस राहायला घेऊन यायचं. म्हणजे सहा माणसं. म्हणजे सात सीटची मोठी गाडी.

नसरीनला हे पटेना. तिचं म्हणणं, मोठी गाडी ही कधी एका घराची नसते. ती दारात उभी राहिली की मोहल्ल्यातल्या सगळ्या वराती आणि सगळ्या बाळंतिणी आपल्याच दारी येतील. आमचे यजमान कमलाकरराव तहसीलमध्ये नोकरीला, त्यामुळे त्यांचं प्रत्येक बाबतीत मत असतं. त्यांनी लहान गाडीचे फायदे मोजून दाखवले. जुनेदने ते ऐकून घेतले आणि फोनवर मोठ्या गाडीचा फोटो ठेवून टाकला.

गाडी होती देवराव ठेकेदारांची. पांढरी, भरभक्कम, उंचीला ट्रॅक्टरच्या खांद्याला लागणारी. चार वर्षं वाहिदभाईंनीच तिची सर्व्हिसिंग केलेली; तिला सर्दी कधी होते हेसुद्धा त्यांना माहीत. तरी स्वतःसाठी घ्यायची म्हटल्यावर हा माणूस भांबावला. स्क्रू-ड्रायव्हर तीनदा कानाला लावला. देवरावांना खूण ठाऊक (कुणाकडून, ते विचारू नका), म्हणून त्यांनी आधीच चहा आणून समोर ठेवला. वाहिदभाई चहा प्यायले आणि उन्हात घसा सुकला म्हणून सवयीने म्हणाले, "जरा पाणी द्या." देवरावांचा चेहरा पडला. त्याच गडबडीत ते म्हणाले, की असं करा, रविवारी सकाळी गाडी घेऊन जा, घरच्यांना दाखवा आणि दुपारपर्यंत आणून द्या.

रविवारी नऊ वाजता गाडी आमच्या गल्लीत शिरली तेव्हा मी गाऊनवर होते आणि कुकर गॅसवर होता. हे दोन्ही पुढे महागात पडलं.

उमेराने चाचींना धरून दारापर्यंत आणलं. चाचींनी गाडीच्या पायरीकडे पाहिलं. पायरी त्यांच्या मांडीशी बोलत होती. एक पाय उचलला, अर्ध्यावरून खाली ठेवला. दुसरा उचलून पाहिला. मी घरातला प्लॅस्टिकचा स्टूल आणला, तर तो डुगडुगायला लागला. तेवढ्यात गल्लीतले चार-सहा बाप्ये जमले आणि प्रत्येकाला वाटलं की युक्ती आपल्यालाच सुचणार आहे. वाहिदभाई म्हणाले, अम्मी, मी आन् जुनेद दोन बाजूंनी धरून ठेवून देतो.

"मी काय सोयाबीनचा कट्टा आहो," चाची म्हणाल्या, "उचलून ठेवाले?"

मग त्यांनी फर्मान काढलं, की साऱ्या माणसांनी तोंडं तिकडे करायची. वाहिदभाई, जुनेद, आमचे हे, आणि रस्त्याने चाललेला एक अनोळखी माणूससुद्धा, सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, वर्गाबाहेर काढल्यासारखे. मी पलीकडच्या दाराने आत चढले. चाची गाडीला पाठ करून स्टुलावर उभ्या राहिल्या, सीटच्या कडेला टेकल्या. नसरीन आणि उमेराने पाय उचलले, मी आतून काखेत हात घालून ओढलं. बसल्या एकदाच्या. मला दम लागला, त्यांना हसू फुटलं.

आणि मग त्यांनी बाहेर पाहिलं. एवढ्या उंचीवरून त्यांनी आमची गल्ली कधी पाहिली नव्हती. मान वळवून वळवून पाहत होत्या. कुणाच्या गच्चीवर काय वाळतंय, कुणी नवी टाकी बसवलीय.

"पद्मजा, तुह्या मोरीपाशी माठ फुटून पडला आहे नं?"

माठ मी आठ दिवसांपूर्वी फोडला होता आणि घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं. भिंतीकडे तोंड केलेले कमलाकरराव तेवढ्यापुरते वळले.

वाहिदभाईंनी स्टूलही आत टाकला, सगळ्यांना घेऊन एक चक्कर मारली, गाडी पुन्हा गल्लीच्या तोंडाशी उभी केली आणि म्हणाले, उतर आता अम्मी. चाचींनी हातातली पिशवी मांडीवर नीट ठेवली.

"चढाले अर्धा घंटा लागला. आता उतरू कायले? चाल फुलसावंगीले."

वाहिदभाईंनी समजावलं, की गाडी अजून आपली नाही, देवरावांनी नुसती दाखवायला दिलेली आहे.

"मी बी तेच म्हणतो. आपाले दाखवून आणू."

वर्षभर घराबाहेर न पडलेली आई स्वतःहून निघा म्हणते, यावर कुणाचं काय चालणार? वाहिदभाईंनी गाडी काढली. मी आतल्या बाजूला, चाचींना टेकू म्हणून. मला उतरवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही फार आठवण करून दिली नाही. उमेराने आपली ओढणी माझ्या गाऊनवर टाकली. महागावच्या रस्त्याला लागल्यावर मी घरी फोन करून सांगितलं, की कुकर बंद करा. पलीकडून उत्तर आलं, की वास आल्यावर केला.

वाहिदभाईंची ऐट काय वर्णावी. तीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपलेला माणूस पहिल्यांदा गाडीच्या वर बसला होता. समोरून येणारे ऑटो आपणहून बाजूला होत होते. तेवढ्यात फोन वाजला. जुनेदने अब्बांचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडून ठेवला होता, त्यामुळे देवराव एकदम गाडीभर बोलायला लागले: कुठी आहात वाहिदभाई, बारा वाजून राह्यले. चाचींनीच समोरच्या पडद्याकडे पाहून सांगितलं, "बेटा, आम्ही गाडी पाहूनच राह्यलो." त्यात खोटं काही नव्हतं.

फुलसावंगीत खाला अंगणात बाजेवर बसल्या होत्या. हाडं तेवढी, आणि डोळे मात्र मिश्कील. दोन वर्षांपूर्वी त्यांचं कंबरेचं ऑपरेशन झालंय, कुबडी घेऊन चालतात. गाडी पाहून उठल्या, खिडकीशी आल्या. चाची वरून वाकल्या. खालांनी हात वर केला. तो काचेच्या कडेपर्यंत पोचला, पुढे नाही. चाची आणखी वाकायला गेल्या तर बेल्टने त्यांना मागे ओढलं. बेल्ट सोडा, स्टूल लावा, माणसांनो तिकडे बघा, हे सगळं होईपर्यंत खाला खाली उभ्या आणि चाची वर. मग एकदाच्या उतरल्या, आणि दोघी अशा बिलगल्या की मला उगाच कोंबड्यांकडे पाहत राहावं लागलं.

जेवणं झाली. ज्वारीच्या भाकरी, आंबाडीची भाजी. गाऊनमध्ये पाहुणी जाऊनही माझी खातिरदारी चोख झाली. निघताना खालांची पिशवी आधीच भरून तयार होती. वाटेतून आम्ही येत असल्याचा फोन गेला, तेव्हाच भरली होती. चाचींना आम्ही आमच्या पद्धतीने चढवलं. सातवी सीट मोकळी ठेवली होती.

खालांनी कुबडी माझ्याकडे दिली आणि स्टुलावर पाय ठेवायला गेल्या. पाय उचललाच जाईना. पाठमोरं करून पाहिलं, तर कंबरेतून कळ आली आणि चेहरा पांढरा पडला. आम्ही थांबलो. त्याच हसल्या.

"वाहिद, गाडी घेतली का उंट घेतला रे?"

मग गाडीच्या दारावर हात फिरवला, पिशवी आपल्या नातवाकडे दिली आणि म्हणाल्या, जा तुम्ही, मी पुन्हा कधी येतो. चालत जाऊन बाजेवर बसल्या. चाचींनी हे सगळं वरून पाहिलं.

परतीच्या वाटेवर चाची एकदाही बाहेर बघेनात. महागाव मागे पडल्यावर बोलल्या.

"वाहिद, तू इंजिन पाह्यलं. टायर पाह्यले. चढणाऱ्याचे गुडघे पाह्यले काय?"

वाहिदभाईंनी गिअर बदलला. गरज नव्हती तरी.

गाडी त्या संध्याकाळी देवरावांच्या दारात परत गेली. घेतो किंवा नाही, दोन्ही वाहिदभाई बोलले नाहीत. देवराव भला माणूस, म्हणाले, आठ दिवस ठेवतो तुमच्यासाठी. घरात जुनेद आणि उमेरा त्या गाडीसाठी रोज वकिली करत होती. लोखंडी पायरी वेल्ड करून लावू, असंही जुनेदने सुचवलं. वाहिदभाईंनी ती गॅरेजमध्ये करूनही पाहिली, आणि स्वतःच तिच्यावर उभं राहून मान हलवली. कंबरेचं ऑपरेशन झालेल्या बाईला तीन पायऱ्या काय आणि एक काय.

त्या आठवड्यात आर्णीने एक नवल पाहिलं. घराच्या ओट्याची पायरी चाचींना विनात्रास चढता येते, ती वाहिदभाईंनी हाताने मोजली: एक वीत चार बोटं. आणि मग हा माणूस गावभर गाड्यांच्या बॉनेटऐवजी दारांशी बसून वीत लावत सुटला. स्टँडवरच्या ड्रायव्हरांना वाटलं, मिस्त्रीला ऊन लागलं. एकदोघांनी मला येऊन विचारलं. मी सांगितलं, की ते गाड्यांना पायजमे शिवणार आहेत.

वीत जुळली ती रूपसिंगच्या गाडीला. रूपसिंग शाळेची पोरं ने-आण करायचा. आता वय झालं म्हणून धंदा सोडत होता. गाडी बुटकी, सरकत्या दाराची, सात सीटची. आतून सीटांवर पोरांनी पेनाने नावं कोरलेली. वाहिदभाईंनी देवरावांना जाऊन नाही म्हटलं आणि ही घेतली. जुनेद दोन दिवस आमच्याकडे जेवला. त्याचं दुःख एवढंच, की मित्रांना फोटो आधीच पाठवून झाला होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच कानस आणून खिडकीच्या कडा गुळगुळीत केल्या.

गावाने व्हायची ती थट्टा केली. शुभारंभ अर्थात माझ्याकडून. मी विचारलं, "वाहिदभाई, शाळा किती वाजता सुटते?"

"भाभी, तुमच्यासारखी ढ पोरं निघून जातील तव्हा."

रविवारी ते आणि चाची दोघेच फुलसावंगीला गेले. दुपारी गाडी गल्लीत आली, दार सरकलं, आणि खालांनी आपला पाय आपणच जमिनीवर टेकवला. कुणाला तोंड फिरवावं लागलं नाही. कुबडी घेऊन सरळ ओट्यावर चढल्या, आणि बसल्या बसल्या नसरीनच्या चहात साखर कमी असल्याचं सांगितलं.

तीन दिवस दोन्ही बहिणींचं गुळपीठ होतं. चौथ्या दिवशी भांडण झालं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बापाच्या विहिरीत बादली कुणी पाडली, यावरून. माझ्या भिंतीपलीकडून प्रत्येक शब्द ऐकू येत होता आणि मी कपडे दोनदा वाळत घातले. खाला म्हणे जोहराने पाडली. चाची म्हणे आपाने पाडली आन् मार मी खाल्ला. शेवटी खालांनी पिशवी भरली आणि जाऊन गाडीत बसल्या. चाचींनी वाहिदभाईंना सांगितलं, सोडून ये इले, आत्ताच्या आत्ता. आणि वाहिदभाई किल्ली शोधेपर्यंत स्वतःही जाऊन पलीकडच्या सीटवर बसल्या. म्हणाल्या, एकटी कशी जाईन ती.

गाडी गेली. नसरीन आणि मी ओट्यावर बसून तूर निवडत होतो. दिवे लागायच्या आधी गाडी परत आली. दार सरकलं, आणि दोघीही उतरल्या, बादलीवरूनच भांडत.