न मोजलेली भिंत

काझी सर भिंतीला हात लावल्याशिवाय कुठल्याच घरात बसत नसत. लग्नघरी गेले तरी आधी चुन्यावरून तळवा फिरवायचे, मग नवरदेवाला भेटायचे. औरंगाबादच्या आमच्या वास्तुकला महाविद्यालयात ते प्राध्यापक म्हणून लागले आणि प्राचार्य म्हणून निवृत्त झाले, पण कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी म्युझियमचा चौकीदार." म्युझियम म्हणजे ग्रंथालयामागची मोडक्या बाकांची खोली. ती त्यांनी स्वतः झाडून घेतली. तिथं पाडलेल्या घरांच्या कड्या, शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीचे मातीचे नळ आणि विद्यार्थ्यांनी घरं मोजून काढलेले नकाशे मांडले.

मोजणीला निघताना त्यांचा एकच दंडक असे. "आधी घरातल्यांसंगं चहा घ्या, मग टेप काढा. घर त्यांचं हाय, आपण पाव्हणे."

दुसऱ्या वर्षी माझ्या वाट्याला जुन्या वस्तीतल्या बानूखालांचं घर आलं. मी फुलंब्रीहून रोज येऊन-जाऊन शिकायचो, सगळा जीव पाचच्या एसटीत. मागची खोली मोजायची राहिली. पुढच्या भिंतीत तीन कोनाडे होते, म्हणून नकाशात मागेही तीन ठोकून दिले. सरांनी विश्वासानं सही केली. दोनच महिन्यांत रस्ता रुंद करताना ते घर पडलं. आता त्या घराची खूण म्हणजे माझा कागद, आणि तोच खोटा. आठवडाभर तोंड चुकवत हिंडलो, शेवटी केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं.

सरांनी तो नकाशा काढून टेबलावर पसरला. मग म्हणाले, "अरे मियां, कागद अधुरा असला तर चालतंय. खोटा नाय चालत." त्यांनी ब्लेडनं कागदावरची ती मागची भिंत खरवडली आणि कोपऱ्यात लिहिलं : 'ही भिंत मोजलेली नाही. तपासण्यात चूक माझी.' खाली स्वतःची सही. माझं नाव कुठंच नव्हतं. प्राचार्यपदाची निवड तोंडावर आली होती. म्युझियमच्या प्रदर्शनात हा कागद नको, असं स्नेह्यांनी परोपरीनं सांगितलं. सरांनी तो दाराशीच लावला.

बानूखालांना त्यांनी रिक्षा पाठवून बोलावलं. खाला कागदापुढे थांबल्या. "हितं काहून मोकळं सोडलं?"

"खाला, मी आत गेलोच नाही. गाडी पकडायची होती."

"चाय तर दोनदा पिला की तू!" खाला हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मला तिथून पळून जावंसं वाटलं. सरांनी त्यांच्या हातात पेन्सिल दिली. "खाला, तुमीच काढा."

त्यांनी कोनाडा काढला. एकच. "हितं अम्मीचं पानदान राहायचं."

त्या वर्षी प्राचार्य दुसरेच झाले. सरांना ती खुर्ची पाच वर्षांनी मिळाली. मी कधी विषय काढला की म्हणायचे, "लई बरं झालं. म्युझियमला टाइम भेटला."

मागच्या वर्षी सर गेले. म्युझियम आता मी सांभाळतो. त्यांना माती देऊन आलो तो थेट तिथंच गेलो. दाराशी तो कागद अजून होता. खालांचा वाकडा कोनाडाही तसाच. 'चूक माझी' याखाली सरांची सही होती. तिच्या शेजारी मी माझं नाव लिहिलं. इतकी वर्षं ती जागा सरांनी मोकळीच ठेवली होती.