आयोगासमोर मामी: आंबेनळी उतरून महाडला

मानसिक आरोग्य सेवेत काय सुधारायला हवं, हे लोकांकडून ऐकायला राज्याचा आयोग महाडला येणार, हे मामीला फोनवर मीच कळवलं. तिचा मुलगा सुभाष चौतिशीचा. महाडच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी सुटल्यापासून आजारी. मामीच्या सोबतीला मी साताऱ्याहून निघाले.

महाबळेश्वरला एसटी बदलली. आंबेनळी घाटात दरडीची माती अजून रस्त्याकडेला होती. वळणं लागत असतील तर रिकाम्या पोटी बसू नका. पोलादपूरहून मामीच्या गावापर्यंत जीप मिळते, भरली की सुटते.

सुभाष पडवीत बसला होता. पायात साखळी, ती खांबाला. "कधी आलीस, ताई?" त्याने अगदी नीट विचारलं. भाकरी थापताना मामीने सांगितलं, की तालुक्याला गोळ्या मिळत होत्या तोवर तो बरा होता. त्या बंद झाल्यावर दोनदा दरीकडे निघून गेला.

सकाळी शेजारच्या काकांना त्याच्याजवळ बसवून आम्ही महाड गाठलं. स्टँडवर मी मिसळ खाल्ली, झणझणीत होती. मामीने नुसता चहा घेतला. सभागृह चवदार तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर.

दुपारी तिचा नंबर लागला. मी लिहून दिलेला कागद तिने उघडलाच नाही. गोळ्यांचं सांगितलं, साखळीचंही. एका सदस्य बाईंनी हळूच विचारलं, बांधलं कुणी?

"मीच. सोडला तर कड्यावर जातो."

मग तिने पिशवीतून सुभाषचे दोन शर्ट आणि टॉवेल काढून टेबलावर ठेवले. "त्याला न्यायला गाडी कधी येनार?"

अध्यक्षांनी समजावलं, की आयोग शिफारशी करतो, अहवाल सरकारला देतो. उपचार आयोगाच्या हातात नाहीत. बाईंनी अलिबागच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली. मामीने शर्टांच्या घड्या पुन्हा घातल्या.

दुसऱ्या दिवशी त्याला अलिबागला न्यायला जीप आणली. सुभाष बसेना. दोघा-तिघांनी ओढायला घेतल्यावर तो लहान मुलासारखा रडायला लागला, तेव्हा मामीनेच जीप परत पाठवली.

मी घरी येऊन महिना झाला. साताऱ्यातल्या एका डॉक्टरांना गावी यायला विचारलंय, त्यांनी अजून दिवस दिलेला नाही. मामी फोनवर अहवालाचं विचारते.

अशी सुनावणी तुमच्या भागात असेल तर जा, बोला. पण घरच्यांना निघण्याआधी सांगा, की आयोग ऐकून घेतो, घेऊन जात नाही. मला ते ठाऊक होतं. मामीला मी सांगितलं नव्हतं.