वरवंट्याची कावीळ

वहिनीचे डोळे पिवळे झालेत हे घरात सगळ्यांत आधी मला दिसलं, आणि मी ते बोलून दाखवलं म्हणून सगळ्या माझ्यावरच चिडल्या. नव्याण्णव सालचे गणपती नुकतेच गेले होते. दादा सुट्टी संपवून मुंबईला परतला होता. वडील नाटे गावात शिक्षक, ते शनिवारीच घरी उगवायचे. संगमेश्वरजवळच्या आमच्या घरात आम्ही चौघी उरलो होतो: आई, वडिलांची विधवा बहीण म्हणजे आत्या, आठवा महिना सरत आलेली वहिनी आणि रत्नागिरीच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकणारी, सुट्टीवर आलेली मी.

"डोळे कसले पिवळे? त्या पिवळ्या पडद्याचा उजेड पडलाय," आत्या म्हणाली.

पडदा हिरवा होता. पण आत्याशी रंगावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि वहिनीला तर दोन दिवस अन्नाचा वासही सहन होत नव्हता. मी तिला आणि आईला घेऊन बाजारातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वहिनीची पापणी खाली ओढून बघितली, चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "कावीळ आहे. रत्नागिरीला न्या, दाखल करा. गरोदरपणातली कावीळ अंगावर काढायची नसते. बाईच्या जिवावर बेतू शकतं."

"औषध काय द्याल?" आईने विचारलं.

"औषध असं नाही हो हिच्यावर. विश्रांती, रक्ताच्या तपासण्या आणि लक्ष ठेवणं."

खरं बोलले बिचारे, आणि माझं काम अवघड करून ठेवलं. कारण परतीच्या वाटेवर आईने तोंड उघडलं ते हेच म्हणायला: "डॉक्टरच सांगतोय औषध नाही म्हणून. मग रत्नागिरीला जाऊन काय खाटा मोजायच्या? आधी हात धुवून घेऊ."

हात धुणं म्हणजे कावीळ उतरवणं. पलीकडच्या वाडीतले एक म्हातारे काका ती उतरवायचे. आंब्याची ओली साल वाटून तिचा रस ते रोग्याच्या हातांना कोपरापर्यंत चोळत, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत आणि मग हातांवर चुन्याची निवळी ओतत. खाली परातीत पडणारं पाणी पिवळंधमक. ती उतरलेली कावीळ. असं एक दिवसाआड तीन वेळा करायचं, आणि तिसऱ्या धुण्यापर्यंत रोग्याला सुई टोचायची नाही, नाहीतर उतरायला लागलेली कावीळ उलटी चढते. काका एका नारळाखेरीज कुणाकडून काही घेत नसत. लबाड माणूस असता तर मला बरं पडलं असतं, चार शब्द सुनावता आले असते.

माझा जीव त्या सुईच्या पथ्यावरच अडकला होता. तीन धुणी होईपर्यंत हॉस्पिटल नाही. तोवर वहिनीचं काय होईल, कोण सांगणार?

"माझी उतरली होती लहानपणी," आई म्हणाली.

"बहुतेकांची आपोआपच बरी होते, आई. गरोदर बाईची गोष्ट वेगळी असते."

"तू होतीस का गो बघायला?"

मी नव्हते. मी पाय आपटत परसात गेले. वहिनी तिथे पायरीवर टेकून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मला कुठेही न्या, पण काय ते एकदाच ठरवा." तिच्या आवाजात त्रागासुद्धा उरला नव्हता, आणि मला एकदम रडू आलं.

रडून झाल्यावर डोकं चाललं. कॉलेजात एक गोष्ट आमच्याकडून घोटून घेतली होती: ज्यात काही मिसळलंय त्याची परीक्षा करायची तर ज्यात काही मिसळलेलं नाही त्याचीही शेजारी करायची. म्हणजे एखाद्या धडधाकट माणसाचे हात वहिनीबरोबर धुवायचे. त्याचंही पाणी पिवळं झालं की आईला दुसरं काही सांगायलाच नको. आत्या लगेच तयार झाली. "मला काय होतंय! उलट बाईला धीर येईल," ती म्हणाली. आत्याइतकं धडधाकट आमच्या वाडीत कुणी नव्हतं. भाताचा भारा डोक्यावर घेऊन ती अजून बांध चढायची.

संध्याकाळी काका आले. वहिनीचे हात धुतले, परातीत पिवळं पाणी पडलं. परात स्वच्छ घासून आत्याचे हात धुतले. पाणी तितकंच पिवळं. तितकंच कसलं, जरा जास्तच.

मी विजयी मुद्रेने आईकडे बघितलं. आई घाबरून आत्याकडे बघत होती. आणि आत्या दोन्ही हात पुढे धरून, परातीत डोळे लावून म्हणाली, "अगो बाई! मलाही झालीय!"

पुढचं सांगायला मला अजून लाज वाटते आणि हसूही येतं. आत्याने तिथेच बसकण मारली. तिला तोंड कडू लागायला लागलं, पाय जड वाटायला लागले. शेजारची काकू बघायला आली होती, ती म्हणाली, माझेही धुवा. तिचंही पिवळं. मग तिची सून, मग सुनेची नणंद. दिवे लागायच्या आत निम्म्या वाडीला कावीळ झाली होती आणि काका साल पुरेना म्हणून आमच्याच दारच्या रायवळ आंब्याला कोयती लावत होते. त्यांना स्वतःलाच घाम फुटला होता. "बाय माजे," ते मला म्हणाले, "येवडी कावीळ माज्या बापाशीनपन कदी बगितली नसंल."

माझा प्रयोग यशस्वी झाला होता आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा लागला होता. रात्री सगळ्या घराला मऊ भात. फोडणी बंद. आत्या अंथरुणातून वहिनीला पथ्य सांगत होती.

सकाळी वहिनीला उलट्या सुरू झाल्या. हाक मारली की ती डोळे उघडायची आणि परत मिटायची. आई तिच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. "उद्या दुसरं धुणं आहे," ती म्हणाली. पण तो ठाम सूर नव्हता, स्वतःला समजावल्यासारखा होता.

 बोलण्याने काम होत नाही हे कालच कळलं होतं. परसात जाऊन साल तोडली, पाट्यावर वाटली. आत्याच्या पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवला, गाळ बसू दिला आणि वरची निवळी तांब्यात काढली. मग वरवंटा काकांसारखाच रसाने चोळला, परातीत उभा धरला, आणि आईला हाक मारून तिच्यासमोर त्याच्यावर निवळी ओतली.

वरवंट्यालाही कावीळ निघाली.

"घे," मी म्हणाले. "आता यालाही मऊ भात घाल."

 आत्या भिंतीला धरत धरत दारात आली होती. तिने परातीत बघितलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "लागणारच. काल रात्रभर कावीळवाल्या घरात होता तो. आणि औषध वाटलंनीत कशानं? त्याच्यानंच ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला. ज्या बाईला इतकं चटकन उत्तर सुचतं, तिला कुणी वेळेवर शाळेत घातलं असतं तर काय झालं असतं, हे मी पुढे कितीदा मनात आणलंय. त्या क्षणी मात्र तिचा गळा दाबावासा वाटला.

पण आई खाली बसली. तिने परात ओतून दिली, राखेने घासली, दोनदा विसळली. माझ्या हातातला तांब्या घेऊन उरलेली निवळी परातीत ओतली. पाणी स्वच्छ होतं, तळाची कल्हई दिसत होती. मग वाटीतला सालीचा रस तिने त्यात सोडला. हात नाही, वरवंटा नाही, माणूस नाही, काही नाही. पाणी डोळ्यांदेखत पिवळं होत गेलं.

"यात कुणाची गो?" आईने आत्याला विचारलं.

आत्याने परातीत बोट बुडवलं, निरखून बघितलं आणि लुगड्याला पुसलं.

आई उठली. "मी लुगडं बदलते. तू कोपऱ्यावरच्या ट्रॅक्स गाडीवाल्याला बोलाव, एसटीची वाट नको बघायला. आणि दादाला फोन कर."

रत्नागिरीच्या हॉस्पिटलात वहिनीला सुया टोचल्या, सलाईन लावलं, रक्त काढून नेलं. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की तिचं रक्त गोठायला वेळ लागतोय. बाळंतपण लवकर होईल असं दिसतंय, आणि त्यात रक्तस्राव झाला तर बाहेरून रक्त द्यावं लागेल, ते आत्ताच तयार ठेवू. दादा मुंबईहून थेट तिथेच आला. त्याचं रक्त तिला चालत नव्हतं, पण त्याच्या आणि माझ्या रक्ताच्या बदल्यात चालणाऱ्या गटाच्या दोन बाटल्या मिळाल्या. वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा रात्र नव्हती, वादळ नव्हतं, चांगली सकाळची वेळ होती, आणि बाटल्या हाताशी होत्या. दोन्ही लागल्या. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "बाई ठीक आहे. मुलगी झालीय, लहान आहे पण रडतेय." आई बाहेरच्या बाकावर ढसाढसा रडली. मीही. मला तोवर विज्ञान म्हणजे रोगावरचं औषध असं वाटायचं. त्या डॉक्टरांकडे औषध नव्हतंच. पुढे काय होऊ शकतं ते त्यांना आधी कळत होतं, आणि वहिनी वाचली ती तेवढ्यावर.

काकांना आईने नंतर घरी बोलावून सगळं करून दाखवलं, अगदी आदराने, नारळ देऊन. त्यांनी परात उजेडाकडे कलती करून बघितली. "माज्या बापाशीन शिकवलान तसा करत आलंय," एवढंच म्हणाले. हात धुणं त्यांनी सोडलं नाही. पण सुई टोचू नका हे सांगायचं सोडलं, आणि पोटुशी बाई आली की आधी रत्नागिरीला पाठवायला लागले. आत्याचं मत मात्र कायम राहिलं: तिला कावीळ झाली होती आणि एका धुण्यात ती बरी झाली.

हॉस्पिटलातली एक गोष्ट सांगायची राहिली. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई आल्या, तरुणच होत्या. त्यांनी बाळाच्या कपाळावर बोट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, घाबरू नका. बाळाला थोडी कावीळ आहे. तपासायला रक्त घेतोय, मग निळ्या दिव्याखाली ठेवू."

आईने बाळ उराशी घट्ट धरलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा पहिल्यापासून.

"तपासा हो," आई म्हणाली. "पण एकट्या हिचंच नको. शेजारी एखादं बिनकाविळीचं रक्तही ठेवा. दोन्ही पिवळी निघाली तर मी ऐकायची नाही."

डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग तिच्याकडे नीट बघून हसायच्या थांबल्या. दुपारी त्या स्वतः काचेच्या दोन बारक्या नळ्या घेऊन आल्या. रक्तातला लाल गाळ दोन्हींच्या तळाशी बसला होता. वरचं पाणी एकीत जवळजवळ स्वच्छ होतं, दुसरीत हळदीसारखं. आईने दोन्ही नळ्या खिडकीपाशी नेऊन उजेडात धरल्या, आलटून पालटून बघितल्या. 

"हं," ती म्हणाली, आणि नात त्यांच्या हातात दिली. "ठेवा दिव्याखाली."