पंचेचाळीसवर लॉक

भुताखेतांचे धागे मी इथे टाइमपास म्हणून वाचायचो, खाली खवचट कमेंटही टाकायचो. एसी-रेफ्रिजरेशनच्या कामात वीस वर्षं काढलेला माणूस मी... आपला विश्वास फक्त गेजच्या काट्यावर.

२०१५ ची गोष्ट. नवीन पनवेलमधलं आमचं रो-हाऊस. गच्चीवर मी स्वतः हीट पंप बसवला होता – एकच मशीन, खोल्या गार करायचं आणि तिथून ओढलेली उष्णता पाण्याच्या टाकीत सोडायचं. थंडीत खोली गरमही करायचं. "पनवेलला हीटिंग? उद्या उरणला बर्फ पडेल!" मित्रांनी फिरकी घेतली. पण वीज इतकी कमी लागायची, की येईल त्याला मी गच्चीवर नेऊन मशीन दाखवायचो.

पाणी मात्र पंचेचाळीस अंशांवर लॉक. त्यापुढे मशीन वीज जास्त खातं ना! पासवर्ड माझ्याकडेच.

आई उरणची. जन्मभर बर्फातली मासळी विकून तिची बोटं आखडली होती. दुपारी गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसायची. "बाला, मना जरा कडक पानी दे ना. ह्यानं हात सुटत नाय."

"रविवारी करतो गं." दोन मिनिटांचं काम. असे चार रविवार गेले.

जानेवारीतल्या एका बुधवारी दुपारी ट्रान्सफॉर्मर उडाला, लाईट गेली. गुरुवारी सकाळी आई उठलीच नाही.

लाईट तेव्हाही नव्हती. शेवटच्या आंघोळीसाठी आत्याने टाकीचा नळ सोडला. मला वाटलं, कोमट तरी असेल. आत्याने झटकन हात मागे घेतला. "अरं, पानी लय कडक हाय! थोरा गार वत."

मी गच्चीवर धावलो. मशीन बंद, हाताला गार. टाकीवरचा काटा पासष्टवर! हे मशीन पंचावन्नच्या वर पाणी तापवूच शकत नाही.

खाली आलो. बायका आईच्या हातांवर पाणी घालत होत्या. तिची बोटं सरळ झाली होती... कित्येक वर्षांनी. मी तिथेच बसून रडलो.

नंतर गेज बदलून पाहिला. जुना बरोबरच होता. कामावरचे म्हणतात, सेन्सर बिघडला असेल. मग आत्याचा हात काय सेन्सर होता? पाणी कशाने तापलं, मला आजही सांगता येत नाही.

त्याच गुरुवारी संध्याकाळी लाईट आली. मी पासवर्ड टाकला, पंचावन्न केलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.