रेकॉर्डवरच्या बाई

मला बघायला आलेल्या मुलानं आवड विचारली तेव्हा मी "संगीत" म्हणाले. खरं तर हे उत्तर आत्याचं. ती करकंबहून खास त्या कार्यक्रमासाठी आली होती आणि आदल्या दिवसापासून मला पढवत होती, "सैपाक म्हनू नगंस, ते समद्याच म्हनत्यात. गानं म्हन." म्हटलं. मुलगा पुण्याच्या एका कारखान्यात, ऑफिसात होता, आणि पुण्यातला असल्यामुळे त्यानं लगेच पुढचा प्रश्न टाकला, "कुठल्या प्रकारचं?" आत्यानं इथपर्यंतची तयारी करून घेतली नव्हती. मी म्हणाले, "सगळ्या."

पोह्यांत मिरच्या सोलापुरी अंदाजानं पडल्या होत्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं, पण त्यानं बशी संपवली आणि "छान झालेत" म्हणाला. मला तो तिथंच आवडला. इतकं धडधडीत खोटं इतक्या सौम्यपणे बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

साखरपुडा झाला, लग्न चार महिन्यांवर ठरलं, आणि एक दिवस पोस्टमननं सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या दारात एक चौकोनी, चपटं पार्सल आणून दिलं. माझ्या नावानं आलेलं काहीही आधी वडील उघडत, मग आत्या, जी आता लग्न होईपर्यंत मुक्कामालाच होती, ते त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेई, आणि सगळ्यांचं समाधान झालं की ते माझ्याकडे येई. पार्सलमध्ये एक मोठी रेकॉर्ड होती आणि चिठ्ठी. "आपल्याला सर्व प्रकारचे संगीत आवडते, म्हणून पाठवीत आहे. याला रॉक म्हणतात. ग्रुपपासून वेगळे होऊन स्वतंत्रपणे केलेले हे पहिलेच काम. शब्द आणि चालीही स्वतःच्याच. आपले मत अवश्य कळवावे."

कव्हरवर एक आकृती समुद्राकडे तोंड आणि आपल्याकडे पाठ करून उभी होती. केस कमरेपर्यंत मोकळे, अंगात घोट्यापर्यंत झगा. नाव अशा वळणावळणाच्या अक्षरांत होतं की ते वडिलांनाही लागलं नाही. आत्यानं चष्मा लावून कव्हर दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, "तिन्हीसांजंची केस सोडून पाण्याकडं बघत हुबी ऱ्हायलीया. काय तरी झालंय हिला." बस, ठरलं. बाई की बाप्या हा प्रश्नच त्यानंतर आमच्या घरात कुणाला पडला नाही.

माझी झोप उडाली ती चिठ्ठीतल्या शेवटच्या वाक्यानं. मत कळवायचं म्हणजे ऐकायला हवं, आणि आमच्याकडे एक रेडिओ सोडला तर वाजणारी वस्तू म्हणजे प्रेशर कुकर. बरं, ऐकून मत देणार तरी काय? संगीतातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. भलतंच काही लिहून गेलं तर त्याला कळणार की ही मुलगी पहिल्याच भेटीत थाप मारून बसली. लग्न मोडलं नसतं, पण त्यानं मला जन्मभर खोटारडी समजावं, हे मला फार लागलं असतं. मला तो खरंच आवडला होता.

गल्लीच्या तोंडाशी लाउडस्पीकरवाल्या चाचांचं दुकान होतं. आसपासची लग्नं, बारशी, उरूस, सगळीकडे त्यांचाच कर्णा. मी रेकॉर्ड घेऊन गेले. चाचांनी ती हातात फिरवली, फुंकर मारली आणि म्हणाले, "बजाते की, बेटी. लेकिन कर्ण्यावरच वाजंल. छोटा स्पीकर लगन में मोडनिंब कू गया." मी जरा घुटमळले. चाचांनी घुटमळणं म्हणजे होकार असं धरलं.

अशा रीतीनं एका रविवारी सकाळी दहा वाजता ते रॉक अख्ख्या भवानी पेठेनं ऐकलं. आधी कुणीतरी डबे आपटावेत तसं झालं, मग गिटार, आणि मग बाईंचा आवाज. कोवळा, उंच, आणि भलत्याच घाईत. एकेक गाणं असं संपे की पुढच्या गाण्यानं आधीच्याला धक्का मारून बाहेर काढल्यासारखं वाटे. चाचांच्या दुकानापुढे लोक जमले. दोन्ही बाजू संपेपर्यंत कुणी हललं नाही. दुपारी वडिलांनी मला वही-पेन घेऊन बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. माझं मत ही आता घराची जबाबदारी झाली होती.

आत्याचं मत आधीच तयार होतं. चिठ्ठीतलं 'ग्रुपपासून वेगळे होऊन' हे तिनं नीट लक्षात ठेवलं होतं. "वेगळी निगालीया ती. एकत्रात चार-पाच जावा असत्याल, थोरलीनं जाच केला आसंल. आता आपली चूल आपुन मांडलीया, पन मन तिकडंच हाय. मधी मधी वराडती न्हवं, ते थोरलीला बोलती." मी म्हटलं, आत्या, ग्रुप म्हणजे वाजवणाऱ्यांचा. ती म्हणाली, "वाजवनाऱ्यांस्नी काय जावा नसत्यात व्हय?"

वडील गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते आणि इंग्रजी पत्रव्यवहार बघत. त्यांना एकही शब्द कळला नव्हता, हे त्यांनी मान्य करणं शक्य नव्हतं. बराच विचार करून ते म्हणाले, "आशय गंभीर आहे. फक्त बाईंना कुठंतरी गाडी गाठायची असावी."

शेजारच्या अक्कांच्या घरी माग होते. त्या तेलुगू बोलत, आणि आमच्याशी बोलताना मराठीतही तेलुगूचाच वेग लावत. त्या सांगायला आल्या की गाणी चालू असताना त्यांच्या रोजच्यापेक्षा दुप्पट कांड्या भरून झाल्या. सूत गुंडाळणारा हात आपोआप पळत होता. "बाई चांगली आहे," त्या म्हणाल्या, "रोज लावा."

रेकॉर्ड परत आणायला गेले तर चाचांनी न विचारता मत दिलं. "आवाज में दर्द हय. बारात कू चलता नई. मगर पंगत कू एकदम बेस."

मी तीन दिवस बसून या सगळ्यांचं मिळून एक पत्र केलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मराठी घेतलं होतं, त्याचा आयुष्यात एवढा एकच उपयोग झाला. "गायिकेचा स्वर कोवळा असला तरी अनुभव प्रौढ आहे. समूह सोडताना जुन्या घराची ओढ तुटत नाही, ती त्यांच्या आक्रोशातून जाणवते. हे दुःख त्या घाईत सांगतात. थांबलो तर रडू येईल, या भीतीनं माणूस घाईत बोलतो, तसे काहीसे. श्रमणाऱ्या हातांना हे संगीत साथ देते." वडिलांनी दोन स्वल्पविराम घातले आणि पत्र टाकलं.

आठ दिवस मी पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहत होते. मग उत्तर आलं. वडिलांनी वाचलं, आत्यानं वाचून घेतलं, आणि दोघंही माझ्याकडे आदरानं बघायला लागले. "आपले मत वाचून थक्क झालो. बाईंविषयी माझेही अगदी हेच मत आहे, विशेषतः घाईत सांगितलेल्या दुःखाविषयी. ऑफिसातही सर्वांना वाचून दाखवले." मी परीक्षा पास झाले होते. इतकी खूश मी निकालाच्या दिवशीही नव्हते.

लग्न झालं. रेकॉर्ड रुखवतात मांडली होती, लाडू आणि चकल्यांच्या मधोमध. पुण्याला गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ह्यांच्या साहेबांनी आम्हाला ती रेकॉर्ड घेऊन चहाला बोलावलं. साहेबांकडे चांगला रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्यांना इंग्रजी संगीताचा खरोखरीचा नाद होता. म्हणाले, "वहिनी, तुमच्या पत्राची कीर्ती ऐकलीय. आधी तुमच्या तोंडून मत ऐकू, मग रेकॉर्ड." मी पदर सावरला आणि बोलले. पाठच होतं. कोवळा स्वर, जुनं घर, थांबलो तर रडू. साहेब मान हलवत होते. ह्यांचा चेहरा अभिमानानं फुलला होता.

मग साहेबांनी सुई ठेवली.

डबे सावकाश आपटले. गिटार रेंगाळत आली. आणि एक जाड्याभरड्या, खर्जातल्या, दाढीवाल्या पुरुषाचा आवाज यायला लागला. आवाजावरून दाढी कशी कळली असं कुणी विचारील. कळली. बाप्या असा निवांत गात होता की त्याला कुठलीही गाडी गाठायची नव्हती. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बाई कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"दुसऱ्या बाजूला असतील," हे म्हणाले. पोहे खाताना होता तसाच सौम्य चेहरा.

साहेबांनी बाजू पालटली. तिथंही तोच बाप्या, आणखी सावकाश. सगळं गाणं संपेपर्यंत आम्ही तिघं ऐकत बसलो. मग हे बशीतलं बिस्कीट उचलत म्हणाले, "आज आल्या नाहीत वाटतं."

साहेब इतके हसले की चहा सांडला. मग त्यांनीच समजावलं. ही मोठी रेकॉर्ड मिनिटाला तेहेतीस फेरे घेते, लहान रेकॉर्ड पंचेचाळीस. मोठी कुणी चुकून पंचेचाळीसवर लावली तर माणूस घाईत गातो आणि आवाज बायकी होतो. "पण मग," ते ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुमचंही अगदी हेच मत कसं होतं?" ह्यांनी दुसरं बिस्कीट घेतलं.

आम्ही चालत घरी निघालो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, अपमानाचं की हसण्याचं ते मलाच कळत नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही ती ऐकलीच नव्हती ना?"

"कशावर ऐकणार? लॉजिंगच्या खोलीत माझी एक कॉट होती. दुकानदारानं जे सांगितलं ते चिठ्ठीत लिहिलं."

"मग पाठवलीत कशाला?"

"तू म्हणालीस, सगळ्या प्रकारचं. म्हटलं, हिच्यापुढे आपण अगदीच अडाणी दिसायला नको."

"मला कुठल्याच प्रकारचं कळत नाही," मी म्हणाले. लग्नानंतर मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं शंभर टक्के खरं वाक्य. ते रस्त्यात थांबले आणि मोठ्यानं हसले, आणि माझ्या छातीवरचं केवढं तरी ओझं उतरलं.

दिवाळसणाला आम्ही सोलापूरला आलो. वडिलांनी रिवाजाप्रमाणे जावयाला काय हवं ते विचारलं. हे म्हणाले, "मला बाई ऐकायच्या आहेत."

चाचांनी दुकानापुढे लोखंडी खुर्ची मांडली. मी त्यांना त्या पंचेचाळीसचं विचारलं, तर त्यांना सगळं ठाऊक होतं. मशीनचा वेगाचा खटका त्यांनी पंचेचाळीसवर दोरीनं बांधूनच टाकला होता. "गाना धीमा तो खानेवाला बी धीमा, जावईबापू. पंगत उठतीच नई. इस वास्ते सोला साल से बांद के रख्या हूं. छोडू क्या?"

"नको," हे म्हणाले.

कर्णा खरखरला, डबे घाईघाईनं आपटले, आणि बाई आल्या. अक्कांचा हात आत कांड्यांवर पळायला लागला असणार. आत्या ओट्यावरून ओरडली, "आली का गं ती पोर?" हे डोळे मिटून ऐकत होते. सकाळी पुन्हा आमचेच पोहे खाल्ले होते, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं मी काही सांगू शकत नाही. बाजू संपली तेव्हा ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू लिहिलं होतंस, अगदी तशाच गातात."

मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. या खेपेला ते खोटं बोलत नव्हते.